कळवा ते पारादीप, व्हाया १९७७

'बाइकवरून लाँग ट्रिपला जातोय' असं ऑफिसच्या पँट्रीत नुसतं पुटपुटून बघा. पुढचा शब्द ठरलेला. 'लडाख?' मग कुणीतरी मोबाइलमधून पँगाँगचे फोटो काढतं, कुणाचा तरी मेव्हणा गेल्याच जूनमध्ये जाऊन आलेला असतो, आणि दहा मिनिटांत तुमची ट्रिप तुम्हाला न विचारता प्लॅन होऊन जाते! माझ्या बाबतीत मात्र गाडी पहिल्याच प्रश्नाला अडते. 'बाइक कुठली?' 'येझदी. १९७७ची.' यावर कॉफीचे कप खाली येतात. 'चालते?'

चालते. आणि येत्या जानेवारीत ती कळव्याहून निघून ओडिशातल्या पारादीप बंदरापर्यंत जाणार आहे. आमच्या खाडीपासून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत, देश आडवा कापत, साधारण पावणेदोन हजार किलोमीटर. सहा महिने तयारी चालू आहे. नव्या बाइकच्या ट्रिपचं प्लॅनिंग म्हणजे हॉटेलं बुक करणं आणि हेल्मेटवर कॅमेरा कसा बसवायचा यावर वाद घालणं. जुन्या बाइकचं प्लॅनिंग ही वेगळीच भानगड आहे बॉस! त्यात आरटीओ येतं, सूर्यास्ताच्या वेळा येतात, आणि 'ही गाडी जपून ठेवायची की चालवायची' हा प्रश्न रोज रात्री उशाशी येऊन बसतो.

कोण ही येझदी?

ज्यांना बाइक म्हटलं की पल्सरच आठवते, त्यांच्यासाठी थोडा फ्लॅशबॅक. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या 'आयडियल जावा' कंपनीने १९६१ साली म्हैसूरला चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकली परवान्यावर बनवायला घेतल्या. सत्तरच्या दशकात त्याच गाडीला स्वतःचं नाव मिळालं. येझदी. इराणमधल्या यझ्द शहरावरून. २५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, सिलिंडर एकच पण सायलेन्सर दोन, एकेका बाजूला एकेक. त्यामुळे आवाज असा, की गाडी मनीषा नगरच्या कोपऱ्यावर आली की तिसऱ्या मजल्यावर आईला चहा टाकायची वेळ कळते. किक आणि गिअर यांचा लिव्हर एकच. आत दाबून वर फिरवला की किक, गाडी चालू झाली की खाली आणून तोच गिअर! पहिल्यांदा बघणारा माणूस किक शोधत गाडीला एक प्रदक्षिणा घालतोच.

१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०२२ मध्ये येझदी हे नाव नव्या गाड्यांवर परत आलं, पण ती फोर-स्ट्रोक, लिक्विड-कूल्ड मंडळी. नाव सारखं, बाकी नातं काही नाही. त्यांचं इंजिनचं सामान आमच्या म्हातारीला लागत नाही.

माझी गाडी शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका रिटायर्ड काकांची. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्टला ते वर्षानुवर्षं हिच्यावरूनच गेले. नंबर तीन अक्षरी, 'एम'ने सुरू होणारा. एमएच-०४ ही पद्धत १९८९ नंतरची, त्याच्याही आधीचा. गाडी देताना काकांनी सोबत एक कापडी गुंडाळी दिली. त्यात प्लगचा पाना, फीलर गेज, पॉलिश पेपरचा तुकडा आणि एक जुना कंडेन्सर. 'हा चालतो अजून, टाकू नकोस,' एवढंच म्हणाले. दहा वर्षांनी मोबाइलचा चार्जर असं म्हणून कुणाला देता येईल का, सांगा!

लडाखला का नाही?

उत्तर भावनिक नाही, तांत्रिक आहे. समुद्रसपाटीपासून १७ हजार फुटांवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. नव्या फ्युएल-इंजेक्शनच्या गाडीचा कॉम्प्युटर हवा मोजून पेट्रोल आपोआप कमी करतो. कार्बोरेटरला असलं काही कळत नाही. तो कळव्यात जेवढं पेट्रोल सोडतो जवळपास तेवढंच खारदुंगलाला सोडणार. मग प्लग काळा, ताकद गायब, आणि तुम्ही धापा टाकत गाडी ढकलणार. जेट बदलून हे जमवता येतं, लोक जमवतातही. पण मला ट्रिपला जायचंय, सर्कशीला नाही.

दुसरं कारण दिल्ली. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर पट्ट्यात १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद केला. २०२५ मध्येही हा विषय कोर्टात गाजत होता. एनसीआर म्हणजे नुसती दिल्ली समजू नका. त्यात पानिपत, कर्नाल, अलवर, भरतपूरसुद्धा येतात. १९७७च्या गाडीने उत्तरेला जायचं तर अजमेरहून बिकानेर, हनुमानगड, भटिंडा असा भलामोठा वळसा घ्यावा लागतो. वळशाला ना नाही. पण सोळा दिवसांच्या सुट्टीत तो बसत नाही.

म्हणून पूर्व. नकाशा उघडला आणि एक गंमत सापडली. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. सुरतजवळच्या हजिरापासून निघतो आणि धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर करत पारादीपला समुद्रात जाऊन थांबतो. महाराष्ट्रातल्या जुन्या लोकांचा हा 'सहा नंबर'. २०१० मध्ये देशभरातल्या महामार्गांचे नंबर बदलले तेव्हा त्याचा ५३ झाला. एकच रस्ता, दोन टोकांना दोन समुद्र. कळव्याहून खारेगावला चढायचं, नाशिकमार्गे धुळं गाठायचं, तिथे उजवीकडे वळायचं. झाला की क्रॉस-कंट्री प्लॅन!

तुम्ही म्हणाल, समृद्धी महामार्ग आहे की. आहे ना! ५ जून २०२५ला शेवटचा टप्पा खुला झाला, भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंत ७०१ किलोमीटर, कळव्याच्या अगदी दाराशी. फक्त त्यावर दुचाकींना बंदी आहे. कुठलीही दुचाकी, २०२५चं मॉडेल असो नाहीतर १९७७चं. त्यामुळे ज्यांना आठ तासांत नागपूर गाठायचंय ते वरच्या रस्त्याने जातील, आम्ही खालच्या. फास्ट लोकल कळव्याला थांबतच नाही, तेव्हा आम्हा कळवेकरांना या गोष्टीचं वाईट वाटायचं कारण नाही.

'व्हिंटेज' म्हणू नका!

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. जुनी गाडी घ्यायचा विचार असेल तर हा कापून फ्रिजवर लावा.

आपण बोलताना कुठल्याही जुन्या बाइकला व्हिंटेज म्हणतो. कायद्याच्या भाषेत तसं नाही. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' गाडीची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी. अशी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची फी २० हजार रुपये, पुढचं नूतनीकरण पाच हजार. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही खास अक्षरं. ऐकायला एकदम झक्कास वाटतं. माझ्या गाडीला २०२७ मध्ये पन्नास पूर्ण होतात, त्यामुळे मीही हरखून पुढचं वाचलं.

पुढे असं आहे, की व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, आणि या कामांसाठी जाणं-येणं. बस्स. म्हणजे बघा, मान मिळतो, पाटी मिळते आणि रस्ता जातो. कळवा ते पारादीप हे ना प्रदर्शन ना रॅली. ती एका माणसाची सुट्टी आहे!

त्यामुळे माझी येझदी साधी म्हणूनच राहणार. १५ वर्षांनंतर साध्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. काकांनी १९९२ पासून एकदाही चुकवलं नाही. २०२२चं नूतनीकरण त्यांनीच केलं, म्हणून माझ्या हातातल्या आरसीची मुदत २०२७ पर्यंत आहे. तेव्हा मला पुन्हा इन्स्पेक्टरसमोर गाडी उभी करावी लागेल. २० वर्षांपुढच्या दुचाकीसाठी ही फी ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार झाली, वर पर्यावरण कर वेगळा. पास झाली तर आणखी पाच वर्षं. झाली नाही तर... म्हणूनच ही जानेवारी. 'करू कधीतरी निवांत' हे नव्या गाडीवाल्याला परवडतं.

बाकी कागदांचं थोडक्यात. खूप जुन्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन ऑनलाइन दिसत नाही. मग आरटीओत 'बॅकलॉग एंट्री' करून घ्यावी लागते. ती करा, नाहीतर परराज्यात हवालदार मोबाइलवर नंबर टाकणार आणि गाडी अस्तित्वातच नाही असं निघणार. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची आहे, ती बसवा. थर्ड पार्टी इन्शुरन्स हवाच. आणि पीयूसी! 'टू-स्ट्रोक पीयूसीत पास होते?' हा मला सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ९,००० पीपीएम आहे. कार्बोरेटर नीट सेट असेल आणि ऑइल मोजून घातलं असेल तर होते. धुराचे लोट काढणारी टू-स्ट्रोक म्हातारी असते म्हणून धूर काढत नाही, तिच्याकडे कुणी बघत नाही म्हणून काढते.

शेवटचं बोअर

कळव्यात येझदीचे पॉइंट कानाने सेट करणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे. आम्ही सगळे त्यांना मिस्त्री म्हणतो. साठी उलटलीय, गॅरेज म्हणजे एका जिन्याखालची जागा, आणि येत्या वर्षात गाशा गुंडाळून गावी जायचं त्यांनी ठरवलंय. मे महिन्यात त्यांनी इंजिन उघडलं, सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, आणि मला म्हणाले, 'बघ, हे शेवटचं बोअर.'

समजावून सांगतो. सिलिंडर आतून झिजला की तो किंचित मोठा कापतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. असं काही वेळाच करता येतं. मग भिंत पातळ होते आणि मापाचे पिस्टनही संपतात. माझ्या सिलिंडरला आता जे बोअर केलंय त्याच्या पुढचा पिस्टन नाही. वाटेत इंजिन सीझ झालं, म्हणजे गरम होऊन पिस्टन सिलिंडरला चिकटला, तर पुढचा उपाय एकच. जुन्या सिलिंडरमध्ये नवी स्लीव्ह ठोकायची. ती बसवणारे हात मिस्त्रींचे नसतील.

'मग नेऊ नको का?' मी विचारलं.

'नेऊ नको असं कोण म्हणालं? उभी राहिली तर सील वाळतात, टाकी गंजते. ती पण मरतेच की. फक्त हळू नेशील.'

पूर्ण प्लॅन या 'हळू'भोवती बांधलाय. स्पीड ५५, फार तर ६०. दर ५०-६० किलोमीटरला पंधरा मिनिटं थांबा, गाडी सावलीत, हात इंजिनच्या पंख्यांजवळ नेऊन धग बघायची. एक गोष्ट मात्र मलाही नवीन होती. टू-स्ट्रोकला चढणीपेक्षा उतार वाईट! या इंजिनात वेगळं ऑइल फिरत नाही, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच पिस्टनला मिळतं. लांबलचक उतारावर आपण ॲक्सिलरेटर सोडून देतो. पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि चाकं मात्र इंजिनला गरागरा फिरवतच असतात. म्हणून उतारावर अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटरला हलकी पीळ द्यायची. आम्ही पूर्वेला चाललोय, त्यामुळे कसारा घाट चढून जायचाय. हे माझं नशीब की प्लॅनिंग, ते तुम्ही ठरवा.

बोअर नवीन आहे, त्यामुळे रनिंग-इन पण करावं लागलं. पहिले हजार किलोमीटर लाडात. टिटवाळ्याला जाऊन गणपतीच्या पाया पडून आलो, मग दोनदा शहापूर, मग एका पावसाळी रविवारी माळशेजच्या पायथ्यापर्यंत. प्रत्येक वेळी परतल्यावर मिस्त्री प्लग काढून त्याचा रंग बघायचे. चॉकलेटी म्हणजे ठीक, काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे धोका. डॉक्टर जीभ बघतात ना, अगदी तसं. माळशेजनंतर त्यांनी प्लग माझ्यासमोर धरला. चॉकलेटी. काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

सूर्य आपल्यासाठी थांबत नाही

या गाडीची बॅटरी सहा व्होल्टची. हेडलाइट लागतो, पण गाडी हळू झाली की तोही समईसारखा मिणमिणतो. ब्रेक पुढे-मागे दोन्ही ड्रमचे. इंडिकेटर नाहीत, हात दाखवायचा. सहा नंबरवर रात्री ट्रकांच्या रांगेत अशा गाडीवरून जाणं हे शौर्य नाही, बिनडोकपणा आहे. नागपूरच्या पुढे साकोली-देवरीचा पट्टा तर नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाचा. तिथे रात्री रस्ता आपला नसतो. तेव्हा नियम असा, की सूर्य बुडायच्या एक तास आधी लॉजवर.

इथे भूगोल आडवा येतो. पारादीप कळव्याच्या पूर्वेला साडेतेरा अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथे सूर्य आपल्याहून जवळपास ५५ मिनिटं आधी मावळतो. घड्याळ मात्र देशभर एकच! जानेवारीत कळव्यात सव्वासहाला उजेड असतो, पारादीपला साडेपाचच्या आसपास दिवे लागलेले असतील. म्हणजे रोज थोडं थोडं लवकर निघायचं. ठाण्यात साडेसहाला अंधारात चाचपडत निघालेला माणूस ओडिशात त्याच वेळी चांगल्या उजेडात असतो, फक्त संध्याकाळ आखडते. मी रोजचा थांबा आणि तिथली सूर्यास्ताची वेळ वहीत लिहून ठेवलीय. एक्सेलमध्ये पण आहे, सवय जात नाही.

तर रोजचं अंतर दीडशे ते अडीचशे. पहिला दिवस नाशिक, १५० किलोमीटर. माणकोली-रांजनोलीच्या ट्रकांच्या आधी निघालं की पुढे पडघ्यापर्यंत सकाळ आपली. दुसरा धुळे. तिसरा भुसावळ, मुद्दाम छोटा, कारण दोन दिवसांनी नटबोल्ट आवळायला अर्धी दुपार हवी. चौथ्या दिवशी मुक्ताईनगर, मलकापूर, खामगाव करत अकोला. पाचवा सगळ्यात मोठा, अकोला ते नागपूर अडीचशे. पण तिथे रस्त्याची साथ आहे. अमरावती-अकोला हा तोच पट्टा, जिथे जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनेस रेकॉर्ड झालं. विक्रमी वेगात झालेल्या रस्त्यावरून मी ५५ ने जाणार आहे. रस्ता काही म्हणणार नाही.

सहावा दिवस नागपूरला आराम. चेन, केबल, पॉइंट सगळं तपासून. आणि सावजी. मग राजनांदगाव, सरायपाली, संबलपूर, तालचेर, पारादीप. छत्तीसगडपासून पुढे एक सोबत आहे ती महानदीची. रायपूर सोडलं की आरंगजवळ ती पहिल्यांदा आडवी येते, संबलपूरला हिराकुडच्या धरणातून पुन्हा भेटते, आणि पारादीपला समुद्राला मिळते. पावणेदोन हजार किलोमीटरच्या नकाशात मला खरं मोहात पाडलं ते या नदीने. शेवटचे पाच दिवस ती आणि मी एकाच ठिकाणी चाललोय. तिचाही स्पीड साधारण आमच्यासारखाच.

पेट्रोल, ऑइल आणि पाठीवरची बॅग

हिशेब सोपा. लिटरला ३० किलोमीटर धरलं तर जाताना ५८ लिटर पेट्रोल. लिटरमागे ३५ मिलि टू-टी ऑइल, म्हणजे दोन लिटर. पूर्वी प्रत्येक पंपावर टू-टीचं यंत्र असायचं, दांडा ओढला की हिरवं-निळं ऑइल टाकीत. स्कूटर गेल्या, टू-स्ट्रोक गेल्या, ती यंत्रंही गेली. त्यामुळे दोन्ही लिटर घरूनच नेणार, सोबत लहान बाळाची दूध पाजायची बाटली. हसू नका! तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात आणि झाकण गळत नाही.

२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा प्रश्न खरा आहे. १९७७ मध्ये रबर बनवणाऱ्याला इथेनॉल माहीत नव्हतं. ते जुन्या वॉशर आणि पाइपांना फुगवतं, मऊ करतं, शिवाय हवेतलं पाणी ओढून टाकीच्या तळाशी साठवतं. म्हणून पेट्रोलचा पाइप आणि कॉकचे वॉशर नव्या जातीचे बसवले, कार्बोरेटरचे पॅकिंग बदलले, आणि घरी आल्यावर टाकीत पेट्रोल आठवडाभर ठेवायचं नाही हा नियम घालून घेतला.

स्पेअरसाठी ऑपेरा हाउसच्या गल्ल्या, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि पुण्याची नाना पेठ, तिन्ही पालथ्या घातल्या. नाना पेठेत एका दुकानदाराने येझदी म्हटल्यावर आधी मला नीट न्याहाळलं, मग माळ्यावर चढून अर्ध्या तासाने कागदात गुंडाळलेल्या क्लचप्लेटा काढल्या. किमतीवरून घासाघीस करायची हिंमत झाली नाही. शेवटी सोबत काय काय? चार प्लग, पॉइंटचा एक सेट, कंडेन्सर दोन (त्यातला एक काकांचा!), क्लचप्लेटा, चेनचं लॉक, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, बाइंडिंग वायर, एम-सील. आणि मिस्त्रींची एक युक्ती. क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या जादा केबल बॅगेत ठेवायच्या नाहीत, जुन्या केबलच्या बाजूनेच ओढून टेपने बांधून ठेवायच्या. तुटली की फक्त दोन टोकं बदला, पाच मिनिटांचं काम.

कपडे? दोन टी-शर्ट, एक जीन्स. सामानाचं वजन करताना लक्षात आलं, की गाडीचे कपडे माझ्यापेक्षा जास्त आहेत.

घरचे, ऑफिस आणि परतीचं तिकीट

तीन वीकेंड आणि दहा दिवस, असे सोळा. त्यातला एक दिवस २६ जानेवारीने वाचवला. बॉसला मेल पाठवला तेव्हा विषयाच्या ओळीत 'लीव्ह' एवढंच लिहिलं, ट्रिपचं नाव काढलं नाही. आईची अट एकच, लॉजवर पोचलं की फोन. सहानंतर फोन आला तर उचलणार नाही म्हणाली. बाबांनी विरोध केला नाही, फक्त रोज सकाळी पेपर वाचताना 'महामार्गावर अपघात' या बातम्या मोठ्याने वाचायला लागलेत.

टीममधला एक मित्र त्याच्या नव्याकोऱ्या ४०० सीसीवर नागपूरपर्यंत सोबत येणार होता. शहापूरच्या ट्रायलला आला आणि पाऊण तासाने म्हणाला, 'यार, हिला पाचवा गिअर दाखवायला तरी पुढे जाऊ दे.' गेला, आणि वाशिंदला टपरीवर तीन चहा पिऊन माझी वाट बघत बसला. आता तो थेट नागपूरला येऊन सावजीला भेटणार आहे. जुन्या गाडीचं प्लॅनिंग करताना हेही लिहून ठेवा, सोबतीची गाडी तुमच्याच वयाची हवी.

परत चालवत येणं जमणार नाही, तेवढी रजा नाही आणि तेवढं बोअरही नाही. पारादीपहून भुवनेश्वर शंभर-सव्वाशे किलोमीटर, तिथून गाडी रेल्वे पार्सलने. कोणार्क एक्स्प्रेस भुवनेश्वरहून सीएसएमटीला येते. पार्सल ऑफिसात आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी लागते, आणि गाडी गोणपाट-सुतळीत नीट बांधून द्यावी लागते. हँडल, टाकी आणि हेडलाइटला जुन्या चादरी गुंडाळा, रेल्वेच्या हमालाला तुमच्या क्रोमचं काय कौतुक! आणि हेच पार्सल माझा प्लॅन बीसुद्धा आहे. भुसावळ, अकोला, नागपूर, रायपूर, संबलपूर... मुद्दाम बघितलं, बहुतेक सगळे मुक्काम रेल्वेच्या गावात आहेत. इंजिन कुठेही रुसलं तर गाडी टेंपोत, टेंपो स्टेशनात.

'मोटरसायकल डायरीज' तुम्ही पाहिला असेल, २००४चा. १९५२ मध्ये चे गव्हेरा आणि त्याचा मित्र ज्या नॉर्टनवर निघाले, ती १९३९ची होती. म्हणजे निघताना अवघी तेरा वर्षांची! ती चिलीमध्ये संपली आणि पुढचं अर्धं दक्षिण अमेरिका त्यांनी मिळेल त्या वाहनाने केलं. सिनेमात ते फार रोमँटिक दिसतं. मला मात्र तो सीन बघताना एकच विचार आला, यांच्याकडे जादा क्लच केबल होती का?

सध्या गाडी मिस्त्रींकडे आहे. पुढची चाकाची बेअरिंगं बदलायची राहिलीत, शेवटची ट्रायल कसारा चढून इगतपुरीपर्यंत. घाटाच्या माथ्यावर प्लग काढायचा, फोटो काढून मिस्त्रींना पाठवायचा, आणि त्यांचा फोन येईपर्यंत खाली उतरायचं नाही असं ठरलंय. निघायचा वार शनिवार, वेळ साडेसहा, खारेगावहून. टाकी मात्र आदल्या रात्री भरायची नाही, सकाळी वाटेत भरायची, कारण नवे वॉशर असले तरी कॉक अजून अधूनमधून एखादा थेंब टाकतो आणि खालच्या मजल्यावरच्या आजींना पेट्रोलचा वास सहन होत नाही.